हिरोशिमा दिनाला फुटपाथवर सावल्या काढायच्यात? आधी हे वाचून घ्या

पहिल्या वर्षी आम्ही पुण्यात डेक्कनला फुटपाथवर खडूने माणसाची सावली काढली तेव्हा एका काकांनी स्कूटर थांबवून विचारलं, "काय रे, अॅक्सिडेंट झाला का इथं?" आडवी पडलेली माणसाची आकृती, भोवती खडूची रेघ, म्हटल्यावर लोकांना पंचनामाच आठवणार ना, पण आमच्या एवढ्या मीटिंगा झाल्या त्यात हे एकालाही सुचलं नव्हतं. त्यानंतर अर्ध्या तासात पाऊस आला आणि काढलेल्या सगळ्या सावल्या गटारात गेल्या. तिथून पुढे चार वर्षं आम्ही हा प्रकार करतोय आणि आता बऱ्यापैकी जमतो. दर जुलैत कुठल्या ना कुठल्या कॉलेजमधून कोणीतरी मेसेज करतं की आम्हालाही करायचंय, कसं करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी पुण्याचं सांगणार आहे, तुम्ही नाशिक, कोल्हापूर, नागपूर जिथे असाल तिथलं तुम्ही जुळवून घ्या.

१. आधी गोष्ट स्वतःला पाठ पाहिजे

६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. जपानमधे हिरोशिमात सुमितोमो बँकेच्या शाखेबाहेर दगडी पायऱ्यांवर कोणीतरी बँक उघडायची वाट बघत बसलं होतं. अणुबॉम्ब हवेत फुटला, त्याच्या बरोबर खालची जागा तिथून साधारण २६० मीटरवर. उष्णतेने आजूबाजूचा दगड पांढरट पडला आणि माणूस बसला होता तेवढाच भाग काळपट राहिला. ती पायरी नंतर काढून तिथल्या शांती संग्रहालयात ठेवलीये. पुढे ६ ऑगस्ट १९८५ ला, म्हणजे घटनेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, जगातल्या बऱ्याच शहरांत लोकांनी रात्रीतून रस्त्यांवर अशा सावल्या रंगवल्या. आपण करतो ते त्याचंच धाकटं भावंड.

एवढी गोष्ट तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला एका मिनिटात सांगता आली पाहिजे, कागद न बघता. सोबत दोन-तीन आकडे: हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत साधारण १,४०,००० माणसं गेली, ९ ऑगस्टला नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला, आणि आज जगात साधारण १२,००० अण्वस्त्रं आहेत. बास. ह्याच्यापुढे आकडे सांगायला लागलात की समोरचा मोबाईल काढतो, हे मी बघितलंय, आमच्यातला एक जण आकडेवारीचा फार शौकीन आहे.

२. तारीख आणि वेळ

६ ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, हे तर झालंच. पण पुण्यात ह्या दिवसांत पोरं सापडणं हीच खरी अडचण असते. नाटकवाली सगळी पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तालमीत, आणि उरलेली संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाच्या सरावाला. पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी सहाची वेळ ठेवली आणि तीसपैकी सात जण आले, त्यातले दोघे कमरेला ढोल बांधायचा पट्टा घेऊनच.

म्हणून सकाळ धरा. पावणेसातला जमायचं, आठपर्यंत सावल्या तयार, सव्वाआठला दोन मिनिटं सगळे शांत, आणि मग साडेनऊपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं. कोणीतरी हमखास सांगणार की जपानमधे सव्वाआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पावणेपाच झालेले असतात. बरोबर आहे त्याचं, त्याला म्हणावं तू ये पावणेपाचला.

९ ऑगस्टला करायचा विचार असेल तर लक्षात ठेवा की तो क्रांती दिन पण आहे आणि जागतिक आदिवासी दिन पण. मोर्चे, अभिवादन, मिरवणुका सगळं त्याच दिवशी असतं, पोलिसांना तुमच्या अर्जाकडे बघायला वेळ नसतो. नवख्यांनी ६ तारीखच घ्यावी.

३. जागा, आणि ती पावसात जाऊन बघायची

उन्हात बघितलेली जागा ऑगस्टमधे कामाची नाही. जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी छत्री घेऊन फिरा आणि कोरडं काय राहतंय ते बघा. फ्लायओव्हरखालची जागा, पोर्च, दुकानांपुढचं छत, मोठा बसस्टॉप. फ्लायओव्हरखाली सुद्धा मधोमध कोरडं असतं आणि कडेला पाण्याची धार लागते, ती कुठे लागते ते बघून ठेवा. कॉलेजचा पोर्च सगळ्यात सोपा, पण तिथे तुमचीच पोरं येतात, बाहेरचं कोणी येत नाही.

गुडलक चौकातला कलाकार कट्टा आम्हाला आवडतो कारण तिथे तरुण मंडळी असतातच आणि थांबून बघायची सवय असते लोकांना. पण तो उघडा आहे, त्यामुळे तिथे खडू नाही, तिथे छत्र्या (त्याचं पुढे सांगतो).

फरशी पण बघा. पेव्हर ब्लॉकवर खडू तुटतो, खाचाखाचांमुळे रेघ सरळ येत नाही. कोबा किंवा जुनं डांबर बेस्ट. ग्रॅनाइटवर खडू घसरतो, तिथे रांगोळी.

४. परमिशन, म्हणजे चकरा

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग पण हा सोडलात तर बाकी सगळं फुकट. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश बऱ्याचदा चालू असतात, त्यात माणसं जमणं, फलक धरणं, घोषणा देणं सगळं येतं. आपण दहा जण खडू घेऊन बसलोय त्यात काय, हे आपलं मत असतं, चौकातल्या हवालदाराचं नसतं.

किमान दोन आठवडे आधी ज्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत जागा येते तिथे जा. हद्द आधी नीट विचारून घ्या, रस्त्याची ही बाजू एका चौकीत आणि समोरची दुसरीत असं असतं. आम्ही एका वर्षी चुकीच्या ठिकाणी अर्ज देऊन आठ दिवस निवांत बसलो होतो.

सोबत न्यायचं ते असं:

- अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून पोच घ्यायची (पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा)
- दोन-तीन संयोजकांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि चालू असलेले मोबाईल नंबर
- जागेचा हाताने काढलेला साधा नकाशा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसं
- फलकांवर, छत्र्यांवर काय लिहिणार तो मजकूर शब्दशः
- कॉलेजच्या नावाने करत असाल तर प्राचार्यांचं पत्र
- फुटपाथ महापालिकेचा असेल तर क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच

अर्जात "आंदोलन" लिहू नका, ते आंदोलन नाहीचे. "हिरोशिमा दिनानिमित्त शांतता जनजागृती, खडूने चित्रं काढणे, कार्यक्रमानंतर जागा स्वच्छ करून देणे" असं लिहा. शेवटचा भाग लिहायचाच, साहेबांची नजर तिथेच जाते. चिकटवायचं काही नाही, भिंतीवर काही नाही, खांबाला काही नाही, कारण मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे आणि तुमच्या पोस्टरवर कबुतर आहे म्हणून तो लागू होत नाही असं नाही.

स्पीकर नको. त्याची वेगळी परवानगी लागते, आणि शाळा, हॉस्पिटल, कोर्ट ह्यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, मध्यवस्तीत त्याच्या बाहेरची जागा सापडणं मुश्किल. पथनाट्य करायचं असेल तर संहितेची कॉपी मागतात, आणि नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का हेही विचारू शकतात. आम्ही म्हणूनच पथनाट्याच्या नादाला लागलो नाही, आणि खरं सांगू का, सकाळी आठला घाईत असलेला माणूस पंधरा मिनिटांचं नाटक बघायला थांबत नाही.

एक ट्रॅप सांगतो. तोंडी "करा की, काय हरकत नाही" ह्यावर विश्वास ठेवू नका. एका कॉलेजने आम्हाला पोर्च तोंडी दिला होता, आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला की मॅनेजमेंटला विषय जरा संवेदनशील वाटतोय. नव्वद मुलांना मेसेज करून जागा बदलली, त्यातली वीस-पंचवीस तरी जुन्या जागी जाऊन परत गेली. दोन ओळींचं का होईना पण लेखी घ्या.

५. सामान

शाळेतले बारीक खडू नकोत, रस्त्यावर दोन मिनिटांत संपतात. जाडे खडू रविवार पेठेत होलसेलला मिळतात. दोन किलो पांढरी रांगोळी, भरायला चाळणी, गेरू, पुठ्ठे, कटर, दोन मोठे टॉर्च किंवा एखादा हॅलोजन, दोन खराटे, चार बादल्या, एक ताडपत्री. फर्स्ट एडचा डबा, कारण कटरने कोणीतरी बोट कापून घेतंच. आमचा सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसतो आणि तो आम्ही वर्गणी काढून करतो. स्पॉन्सर घेऊ नका. एका वर्षी एक क्लासवाले पैसे द्यायला तयार होते, अट एवढीच की प्रत्येक सावलीशेजारी त्यांचा बोर्ड. म्हणजे विचार करा जरा.

६. सावली काढायची पद्धत

आता मुख्य काम. आम्ही आधी माणसाला आडवं झोपवून भोवती रेघ मारायचो. त्यात दोन गोष्टी चुकल्या, एक म्हणजे तो पंचनामा, आणि दुसरं म्हणजे ओल्या फुटपाथवर सगळ्यांसमोर झोपायला बऱ्याच मुलींना (आणि मुलांनाही) अवघड होतं, मग त्या नुसत्या बाजूला उभ्या राहून बघायच्या. तिसऱ्या वर्षी सगळं बदललं.

माणूस जे रोज करतो ते करताना त्याला उभं करायचं किंवा बसवायचं. चहाचा कप हातात, पाठीला सॅक, मोबाईलवर बोलतोय, पोराचा हात धरलाय, भाजीची पिशवी. उन्हाची सावली ऑगस्टमधे मिळत नाही, ढग असतात, म्हणून मागून टॉर्च किंवा हॅलोजन लावायचा, सावली जमिनीवर पडते तिची रेघ दुसऱ्याने पटकन मारायची. दिवा जितका खाली धराल तितकी सावली लांब पडते, माणसाच्या डोक्याच्या बराच वर धरला तर ठीक येते. उजाडल्यावर दिव्याची सावली फिकी होत जाते म्हणून हे सव्वासातच्या आत उरकायचं, पुलाखाली अंधार जरा जास्त वेळ टिकतो. मग आत चाळणीने रांगोळी भरायची, पातळ थर, जाड थर वाऱ्याने उडून रेघ जाते. रांगोळी भरताना मागे सरकत यायचं, नाहीतर स्वतःच्याच पायाने सावली पुसली जाते, दरवर्षी कोणीतरी पुसतंच.

आणि सावली ज्याची आहे त्याने तिच्याशेजारी एक ओळ लिहायची, तो त्या वेळी कुठे चालला होता. "मेसचा डबा आणायला." "आठ पंचवीसचं लेक्चर." "आईला फोन लावला होता." स्लोगन नको. युद्ध वाईट असतं हे सगळ्यांना माहितीये, त्यावर कोणी थांबत नाही, पण "मेसचा डबा आणायला" ह्याच्यापुढे एक मुलगा किती वेळ उभा होता ते मी बघितलंय, तोही डबाच घेऊन चालला होता. ही ओळ आल्यापासून अॅक्सिडेंटचा प्रश्न एकदाही आलेला नाही.

७. थांबलेल्या माणसाच्या हाताला काम द्या

आमचा अनुभव असा की ऐकवायला गेलात की लोक पळतात आणि काहीतरी करायला दिलं की थांबतात. तरुण तर जास्तच, दिवसभर वर्गात ऐकतच असतात बिचारे.

पहिलं काम, नकाशा. शहराचा मोठा नकाशा ताडपत्रीवर काढा, कार्यक्रमाची जागा मधोमध. त्याभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ. हिरोशिमात साधारण तेवढ्या टापूतलं जवळपास सगळं कोसळलं किंवा जळालं. गुडलक चौक मधे धरला तर शनिवारवाडा, तुळशीबाग, फर्ग्युसन सगळं आत येतं. आलेल्याला एक टिकली द्यायची आणि म्हणायचं तुझं घर किंवा हॉस्टेल लाव. बास, पुढे तुम्हाला काही बोलावं लागत नाही. वर्तुळाच्या जरा बाहेर ज्याचं घर येतं तो आधी हसतो, मग कॉलेज कुठे आहे ते शोधतो.

इथे एक महत्त्वाचं, भारताचा नकाशा काढू नका. नेटवरून उतरवलेल्या नकाशात सीमा चुकीच्या असतात आणि चुकीचा नकाशा हा आपल्याकडे गुन्हा आहे. शहराचाच काढा, कोणाची हरकत नसते.

दुसरं काम, कागदी सारस. सादाको सासाकी दोन वर्षांची होती तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडला, पुढे तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि १९५५ च्या ऑक्टोबरमधे बारा वर्षांची असताना ती गेली. हजार सारस केले की इच्छा पूर्ण होते असं जपानमधे मानतात म्हणून ती हॉस्पिटलमधे घड्या घालत बसायची. तिचे हजार पूर्ण झालेच नाहीत असं बरेच जण रंगवून सांगतात, तुम्ही सांगू नका, हजाराच्या वर झाले होते असं तिच्या भावानेच सांगितलंय. मला तर हे जास्त लागतं.

कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं घ्या, दमट हवेत पेपरची रद्दी लगेच मऊ पडते. चौकोन आदल्या दिवशीच कापून ठेवा. एक सारस करायला नवख्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि त्या सात-आठ मिनिटांत जे बोलणं होतं तीच तुमची खरी मोहीम. शिकवणारे किमान सहा जण पाहिजेत आणि त्यांनी घरी पन्नास-पन्नास सारस करून हात बसवलेला पाहिजे, नाहीतर मधेच "थांब हां, इथे काहीतरी चुकलं" सुरू होतं आणि समोरचा घड्याळ बघतो.

८. छत्र्या

ही आयडिया पावसानेच दिली. काळ्या साध्या छत्र्या, प्रत्येकीवर फॅब्रिक कलरने एकेक अक्षर. "युद्ध नको" म्हणजे चार छत्र्या: यु, द्ध, न, को. सिग्नल लाल झाला की फुटपाथच्या कडेला चौघांनी ओळीत उभं राहायचं, हिरवा झाला की मिटून मागे. रस्त्यावर उतरायचं नाही, गाड्या अडवायच्या नाहीत. अक्षर पाठीमागच्या बाजूला रंगवा, म्हणजे छत्री खांद्यावर तिरकी टाकली की लोकांना वाचता येतं. रंग दोन दिवस वाळू द्या. आम्ही एका रात्रीत उरकलं होतं तर "द्ध" पूर्ण ओघळला आणि अर्धा तास "यु न को" असं काहीतरी चालू होतं, रिक्षावाले काका वाकून वाकून वाचत होते.

डफ वाजवणारं कोणी असेल तर सोन्याहून पिवळं. आमच्या एका मित्राने छोटा पोवाडा लिहिला, आता गंमत बघा, पोवाडा म्हणजे लढाईचं वर्णन, तो युद्धाच्या विरोधात लिहायचा म्हणजे त्याची चांगलीच दमछाक झाली. शेवटी त्याने बँकेच्या पायरीवर बसलेल्या माणसाचाच पोवाडा केला, ना घोडा ना तलवार, नुसतं पासबुक. तो मात्र लोक थांबून ऐकतात.

९. जे प्रश्न येणारच

"तुम्ही सैन्याच्या विरोधात आहात का?" हा पहिल्या दहा मिनिटांत येतो. पुणं आहे, एनडीए (लष्करी प्रबोधिनी) आहे, सैन्याचं सदर्न कमांड आहे, आणि साताऱ्याकडून आलेल्या किती तरी मुलांच्या घरात कोणीतरी फौजेत असतंच. ह्याचं उत्तर उडवाउडवीचं देऊ नका. आमच्या टीममधे एकीचे वडील सुभेदार होते, ती सरळ सांगायची की बाबा पोस्टिंगवर असताना बातम्या लागल्या की आई टीव्ही बंद करायची, युद्ध नको असं सगळ्यात जास्त आमच्याच घरात वाटायचं. गणवेशाची टिंगल, रणगाड्याचं कार्टून, कुठल्याही देशाचा झेंडा जमिनीवर, ह्यातलं काहीही नको. झेंडा तर अजिबात नको, कोणाचा ना कोणाचा पाय पडणारच.

"आपल्याकडे बॉम्ब नसता तर?" १९९८ च्या मे महिन्यात आधी आपण पोखरणला आणि मग पाकिस्तानने चाचण्या केल्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि तो तुम्ही फुटपाथवर मिटवणार नाही आहात. टीममधे सुद्धा एकमत नसतं, आमच्यात नव्हतंच. आम्ही ठरवलं की प्रत्येकाने स्वतःचं मत स्वतःचं म्हणून सांगायचं आणि दोन मिनिटांच्या वर वाद घालायचा नाही, सारसाचा कागद पुढे करायचा. एवढं मात्र सांगता येतं की हिरोशिमाच्या मृतांना ६ ऑगस्टला आपली संसद पण श्रद्धांजली वाहते, तेव्हा हे काही देशाबाहेरचं खूळ नाही.

"ह्याने काय होणार?" हा प्रश्न कधी कधी चिडून येतो, कधी खरंच. निहोन हिदान्क्यो म्हणजे बॉम्बमधून वाचलेल्यांची संघटना, त्यांना २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, वाचलेली माणसं कित्येक दशकं गावोगाव जाऊन आपली गोष्टच सांगत होती. मी एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.

सीमेवर खरोखर तणाव असेल त्या वर्षी काय करायचं? आम्ही एकदा छत्र्या घरी ठेवल्या आणि फक्त सावल्या आणि सारस केले. भित्रेपणा म्हणा हवं तर, पण अठरा-एकोणीस वर्षांची मुलं तुमच्या भरवशावर येतात, त्यांच्या घरच्यांचे फोन तुम्हाला येणार असतात.

१०. फोटो आणि आवराआवर

दोनच जणांनी फोटो काढायचे, बाकीच्यांचे फोन खिशात. नाहीतर सव्वाआठच्या शांततेत पण रील चालू असतात. ज्याचा चेहरा दिसतोय त्याला विचारून टाका, शाळेतली मुलं असतील तर आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही. सावलीचे फोटो गच्चीवरून किंवा स्टुलावर चढून घ्या, उभ्याने घेतले की आकृती चेपलेली दिसते.

साडेनऊला झाडू. आधी रांगोळी सुकी झाडून गोळा करायची आणि मगच पाणी, उलटं केलंत तर चिखल होतो आणि तो पेव्हर ब्लॉकच्या फटीत बसतो. आमच्याकडे नियम आहे की ज्याने सावली काढली त्यानेच ती पुसायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे जड जातं, एक जण तर ब्रश घेऊन नुसताच बसून राहिला होता, त्याला घाई करायची नाही. मग त्या जागेचा पुसून झाल्यावरचा फोटो काढा आणि पोलीस स्टेशनला, क्षेत्रीय कार्यालयात आभाराच्या पत्रासोबत द्या, पुढच्या वर्षी अर्ज घेऊन गेलात की तोच दाखवायचा.

उरलेले खडू स्टीलच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवा. आमचे एकदा प्लास्टिकच्या पिशवीत राहिले आणि पुढच्या जुलैत काढले तर सगळ्याचा एकच गोळा.